चुलवाणाचा हिशेब: फायनल इयर मेकॅनिकलच्या प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट २०२३, शनिवार

डिपार्टमेंटनं आज प्रोजेक्टची लॉगबुकं वाटली. दर आठवड्याला काय केलं, पुढं काय करणार आणि गाइडची सही, असे तीन रकाने. सीनियर्सनी जिन्यातच सांगितलं, हे मार्चमध्ये एका रात्रीत भरायचं, फक्त पेनं बदलत राहायची. म्हणून ही वेगळी वही. हिच्यावर कुणाची सही नको.

ग्रुप चौघांचा. मी, बारक्या, सीआर (म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी) आणि डिझायनर. डिझायनरला कॅड सोडून काही सुचत नाही, आणि कॅडमध्ये त्याच्या हाताला तोड नाही. विषय अजून ठरलेला नाही. सीआर शहरातल्या एका 'प्रोजेक्टच्या दुकानात' जाऊन भाव काढून आला. स्पीड ब्रेकरवर वीज, हवेवर चालणारी बाईक, सोलर गवत कापणी, यातलं काहीही अठरा हजारात, ब्लॅक बुकसकट, म्हणजे बांधीव रिपोर्टासकट. वर व्हायवाला कुठले प्रश्न येतात तेही शिकवतात म्हणे. हसलो सगळे, पण नाही म्हणायला दोन दिवस लागले, हे इथं लिहून ठेवतो.

१२ ऑगस्ट, शनिवार

बारक्याच्या मामाचं गुऱ्हाळ आहे, कोल्हापूरच्या पश्चिमेला. मामांची तक्रार एकच: उसाचं चिपाड चुलवाणाला, म्हणजे रस आटवायच्या भट्टीला, पुरत नाही. ज्या उसाचा रस काढला त्याचंच चिपाड वाळवून त्याच रसाखाली जाळायचं, एवढा साधा मेळ. पण दर आदणाला, म्हणजे रसाच्या दर खेपेला, कमी पडतं आणि वरचं जळण विकत आणावं लागतं.

गाइड सरांना विषय आवडला. त्यांनी तिथल्या तिथं नाव दिलं: 'थर्मल अॅनालिसिस अँड परफॉर्मन्स एन्हान्समेंट ऑफ जॅगरी फर्नेस'. "काहिलीच्या बुडाला फिन्स लावा, अॅन्सिस करा, पेपर पण होऊन जाईल." काहील म्हणजे रस उकळायची मोठी कढई, फिन्स म्हणजे उष्णता जास्त ओढून घ्यायला लावायच्या धातूच्या पट्ट्या, अॅन्सिस म्हणजे उष्णतेचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर. चुलवाण आमच्यापैकी बारक्या सोडून कुणी जवळून पाहिलेलं नाही.

२ सप्टेंबर, शनिवार

पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, म्हणून कागदावरच. एक किलो गूळ करायला साधारण पाच किलो रस लागतो, म्हणजे चार किलो पाणी उडवायचं. पाण्याची बाष्पन-उष्णता किलोला २२५७ किलोज्यूल. शिवाय रस उकळीपर्यंत न्यायचा. सगळं मिळून किलोभर गुळाला ११ मेगाज्यूलच्या जवळपास. वाळलेल्या चिपाडाच्या एका किलोत १६ मेगाज्यूल धरले, तर कागदावर ७०० ग्रॅम चिपाडात एक किलो गूळ व्हायला हवा.

बारक्यानं मामांना फोन लावला. किती लागतं? "दोन किलोच्या वरच की. कोण मोजालंय?"

शेवटचं वाक्य मी वहीत अधोरेखित केलंय.

१६ सप्टेंबर, शनिवार

डिझायनरनं फिन्सचं मॉडेल पूर्ण केलं. काहिलीखाली सगळीकडे सारखं १००० अंश तापमान धरलं. का? कारण सॉफ्टवेअर विचारतं आणि काहीतरी भरावं लागतं. निळ्यापासून लालपर्यंत सुरेख चित्र आलं. एफिशियन्सी १८ टक्क्यांनी वाढली म्हणे.

१४ ऑक्टोबर, शनिवार

पहिला रिव्ह्यू. चित्रावर सगळे खूष. "१००० अंश कुठून आणले?" एवढा एक प्रश्न एका मॅडमनी विचारला, तोही चहा आल्यावर विरून गेला.

१९ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी संपली, गुऱ्हाळ पेटलं, आम्ही पोचलो. लांबूनच वास. एका बाजूला घाण्यात ऊस जातोय, दुसऱ्या बाजूला अंगणभर चिपाड वाळत घातलंय. चुलवाण जमिनीत, त्यावर आठ फुटी काहील, मागं वीटकामाची चिमणी. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला माणूस दाताळ्यानं सारखा चिपाड सारतोय. तोंड कायम उघडं.

गुळव्याला सगळे तात्या म्हणतात. भेंडीचं पाणी कधी घालायचं, मळी कधी काढायची, चुना किती, सगळं त्यांच्या शब्दावर. आमच्या फिन्सची चित्रं लॅपटॉपवर बघितली त्यांनी, शांतपणे. मामा मात्र उडाले. "काहिलीच्या बुडाला वेल्डिंग मारणार? हंगामात? टाका सुटला तर हजार लिटर रस चुलवाणात जाईल, आणि त्यात काय तुमचा बाप गूळ करणार?"

डिझायनरनं लॅपटॉप मिटला. तीन महिन्यांचं काम दोन मिनिटांत गेलं, आणि मामांचं काही चूक होतं असं परतीच्या गाडीत एकालाही म्हणता आलं नाही.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

जाळातलं तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल आणायला निघालो होतो. ऊसदराच्या आंदोलनानं शिरोलीजवळ हायवे बंद. परत होस्टेल.

२ डिसेंबर, शनिवार

ठरवलं, आधी नुसतं मोजायचं. शंभर किलोचा काटा चुलवाणाशेजारी मांडला. जाळ घालणाऱ्याच्या हातात जाण्याआधी प्रत्येक भारा तोलायचा, वहीत लिहायचा. पहाटे पाचचं आदण. ५१२ किलो! आम्ही खूष, की वाया जाणं केवढं मोठं आहे बघा. तात्यांनी भाऱ्यात हात घालून दाखवला. दवानं ओलं. आम्ही दव तोलत होतो.

३ डिसेंबर, रविवार

आज उन्हात वाळलेल्या ढिगातलंच चिपाड घेतलं, दुपारनंतरची तीन आदणं. ४३६, ४४८, ४३७. सरासरी ४४० किलो.

रस टाकीची मापं टेपनं घेऊन काढला: ९७५ लिटर, वजनात १०५० किलो. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स १९, म्हणजे वजनाच्या १९ टक्के विरघळलेलं. म्हणजे रसात २०० किलो घन पदार्थ. गूळ उतरला तीस किलोचे साडेसहा रवे (ढेपा), १९५ किलो. मळीत थोडं जातं, गुळात थोडं पाणी राहतं. हिशेब जुळला तेव्हा सीआर चक्क नाचला. चार वर्षांत मास बॅलन्स परीक्षेबाहेर पहिल्यांदाच जुळलेला बघितला आम्ही.

उतरायच्या वेळी तात्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत फिरवून बघतात. त्यांनी "उतरा" म्हटलं तेव्हा आमच्या प्रोबवर ११८ होतं. पुस्तकातही ११८ आहे. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग बरोबर हाय तुमचं यंत्र."

९ डिसेंबर, शनिवार

चिपाडाचे नमुने ओव्हनमध्ये १०५ अंशाला रात्रभर. ओलावा १२ टक्के. जळणातली उष्णता मोजायच्या बॉम्ब कॅलरीमीटरवर किलोला १६.४ मेगाज्यूल. तीन वेळा केलं; पहिल्या वेळी फ्यूजवायर नुसतीच जळून गेली, चिपाड तसंच.

आता खरा आकडा. रसाला लागले २१९० मेगाज्यूल, चुलवाणात टाकले ७२१६. एफिशियन्सी ३०.३ टक्के. उरलेले सत्तर टक्के कुठं जातात, हाच खरा प्रोजेक्ट असावा.

आणि मामांच्या तक्रारीचंही उत्तर मिळालं. एका आदणाच्या उसातून वाळून हाती येणारं चिपाड ३४० किलोच्या आसपास. लागतं ४४०. शंभर किलोचा खड्डा दर आदणाला.

१६ डिसेंबर, शनिवार

चिमणीतून काय जातंय ते बघायला हवं. फ्लू गॅस अॅनालायझर भाड्यानं आणायचं तर आमचं सगळं बजेट त्यातच. लॅबच्या काकांनी कपाटातून ऑर्सॅट काढून दिलं, धुरातले वायू मोजायचं, लाकडी पेटीतलं. सेकंड इयरला आम्ही त्याची आकृती काढून दहा मार्क मिळवले होते. खरं ऑर्सॅट पहिल्यांदा हातात आलं. शंभर मिलिलिटर वायू घ्यायचा, तो पाळीपाळीनं तीन बाटल्यांतून फिरवायचा. पोटॅशच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, पायरोगॅलॉलच्या बाटलीत ऑक्सिजन, क्युप्रस क्लोराइडच्या बाटलीत कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ. दर वेळी जेवढा वायू कमी होईल तेवढी त्याची टक्केवारी.

पहिली दोन द्रावणं केमिस्ट्रीच्या लॅबमधून ताजी करून घेतली. तिसरं पेटीतच होतं, तेच वापरायचं ठरलं. काका म्हणाले, "सीओ तसा शून्यच येतो नेहमी."

२४ डिसेंबर, रविवार

चिमणीच्या बुडाशी विटेला भोक पाडून थर्मोकपल घातलं. ५६० अंश! वर, चिमणीच्या तोंडावर, अधूनमधून चक्क ज्वाळा दिसते.

वायूचा नमुना पाइपनं ओढून फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये भरला. पहिला ब्लॅडर वितळला, कारण पाइप थंड करायचा विसरलो. दुसऱ्या वेळी पाइपवर ओलं पोतं. कार्बन डायऑक्साइड ८.६, ऑक्सिजन १२, सीओ शून्य.

ऑक्सिजन १२ म्हणजे जळायला लागते त्याच्या सव्वादोन पटींहून जास्त हवा आत शिरतेय. ती फुकटची हवा तापवायची आणि ५६० अंशाला आकाशात सोडायची. रात्री होस्टेलवर हिशेब केला: जळणातली ४५ टक्के उष्णता चिमणीतून जाते. फिन्स लावून आम्ही काहिलीचं बूड सुधारणार होतो, आणि चोर मागच्या दारानं जात होता.

हे तात्यांना पटलं नाही. "चिमणीच्या तोंडाला जाळ दिसाय पायजे, मग चुलवाण वडतंय म्हणायचं. माझ्या बापापास्नं बघतोय." आम्ही म्हटलं, तात्या, तो जाळ काहिलीखाली हवा, वर कशाला? ते म्हणाले, "खाली बी हाय की."

३० डिसेंबर, शनिवार

सरांना सांगितलं, फिन्स नाही, चिमणीला झडप आणि चुलवाणाच्या तोंडाला झाकण. सर बराच वेळ गप्प. "म्हणजे एक पत्रा?" हो सर, एक पत्रा. "यात नॉव्हेल्टी काय लिहिणार?" शेवटी अॅन्सिसचं चॅप्टर ठेवायचं या अटीवर परवानगी दिली. चॅप्टर ठेवू. पण आता त्यात १००० ऐवजी मोजलेले आकडे घालू असं डिझायनर आपणहून म्हणाला, आणि घातले की फिन्सचा फायदा १८ वरून ५ वर आला. चार दिवस त्याचं तोंड उतरलेलं होतं.

१३ जानेवारी २०२४, शनिवार

उद्यमनगरात दिवसभर. ५०० मिमी रुंद, ६ मिमी जाडीची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, दोन्ही बाजूंना सी चॅनेलचे गाइड, वर वायररोप आणि प्रतिवजन, म्हणजे एका हातानं उचलता येईल. दोन्ही बाजूंना एक-एक मिलिमीटर मोकळीक ठेवली. शेडमधल्या मिस्त्रींनी विचारलं, "एवढंच पुरंल?" डिझायनर म्हणाला, ड्रॉइंगमध्ये एकच आहे. मिस्त्रींनी खांदे उडवले आणि ड्रॉइंगप्रमाणे करून दिलं.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. चुलवाण थंड असण्याचा एकच दिवस. गवंड्याकडून चिमणीत खाच पाडून झडप बसवली. तीळगूळ गुऱ्हाळावरच, गूळ अर्थातच घरचा.

१७ जानेवारी, बुधवार

सकाळी मामांचा फोन. झडप अडकली. ना वर, ना खाली.

हिशेब करायला दोन मिनिटं लागली, जो चार दिवस आधी करायचा होता. रुंदी ५०० मिमी, गुणिले पोलादाचा प्रसरणांक, म्हणजे १२ गुणिले १० चा उणे सहावा घात, गुणिले तापमानवाढ ५३० अंश. प्लेट ३.२ मिमी वाढते. आम्ही ठेवलेली जागा दोन. फर्स्ट इयरचं सूत्र. सीआरला त्या पेपरात ८७ मार्क होते, हे त्यानं स्वतःच सांगितलं.

२१ जानेवारी, रविवार

दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर. मागून अँगल जोडला, कारण पहिली प्लेट नुसती वाढली नव्हती, वाकडीही झाली होती. मिस्त्री काही बोलले नाहीत. पैसेही निम्मेच घेतले, ते जास्त लागलं.

चुलवाणाचं तोंड अग्निविटांनी निम्मं बुजवलं आणि उरलेल्या भागावर बिजागरीचं झाकण लावलं. जाळ घालणाऱ्याला ते दुपारपर्यंतच सोसलं. दर मिनिटाला झाकण उघडायचं तर त्याला तिसरा हात हवा. त्यानं आमच्यासमोर बिजागऱ्या काढल्या आणि तोच पत्रा साखळीनं वरून लोंबकळत ठेवला. दाताळ्यानं चिपाड ढकललं की पत्रा आत सरतो, दाताळं मागं घेतलं की आपोआप बंद. ब्लॅक बुकमध्ये 'सेल्फ-क्लोजिंग फीड डोअर' असं लिहिणार आहोत. श्रेय कुणाचं तेही लिहू, सर चालू देतील तर.

२८ जानेवारी, रविवार

झडप पूर्ण मिटली तर काय होतं ते बघायचं म्हणून बारक्यानं ती खाली सोडली. तोंडातून जाळ बाहेर आला. बारक्याच्या उजव्या भुवईचे केस गेले, बाकी काही नाही. लगेच झडपेच्या चॅनेलला बोल्ट मारून टाकला, एक तृतीयांशाच्या खाली झडप जाणारच नाही असा. हे आधीच करायला हवं होतं. घरी सांगायचं नाही असं ठरलंय.

एक तृतीयांश उघडी ठेवून दोन आदणं: ३६८ आणि ३७२ किलो. ऑक्सिजन ६. चिमणीच्या तोंडावरची ज्वाळा गेली. आम्ही एकमेकांना टाळ्या देत होतो.

४ फेब्रुवारी, रविवार

टाळ्या लवकर दिल्या. त्या दोन आदणांचा गूळ तात्यांनी बाजूला ठेवला होता. नेहमीच्या रव्याशेजारी ठेवून दाखवला. काळपट. आदण दोन तास चाळीस मिनिटांऐवजी दोन पंचावन्नला उतरलं होतं. पाक जास्त वेळ तापत राहिला की रंग जातो. आणि कोल्हापुरी गुळाचा सौदा रंगावर होतो. मामा म्हणाले, "चिपाड वाचवून गूळ काळा करायचा असंल तर मग चिपाडच इकतो."

आमच्या कुठल्याही सूत्रात रंग नव्हता. सिनॉप्सिसमध्ये 'पर्यावरणपूरक' हा शब्द चार वेळा आहे, रंग एकदाही नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

डिझायनर एका आयटी कंपनीत लागला. पार्टी.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शिवजयंतीची सुट्टी, काल आणि आज मुक्काम गुऱ्हाळावर. झडप निम्मी उघडी. ३८१, ३९०, ३८४. सरासरी ३८५. वेळ दोन तास पंचेचाळीस. ऑक्सिजन ८, चिमणीच्या बुडाशी ५७० अंश. तात्यांनी तिन्ही आदणांचे रवे उन्हात नेऊन बघितले आणि "जमतंय" म्हणाले. त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

एफिशियन्सी ३४.७. आदणाला ५५ किलो चिपाड वाचलं. मामांचा खड्डा शंभरवरून पंचेचाळीसवर आला. जळण विकत घ्यावं लागणारच, पण निम्म्याहून कमी. खर्च: प्लेट दोनदा, विटा, गवंडी, फुटबॉलचे दोन ब्लॅडर.

रात्री वाफ्यात ओतलेला गूळ थंड होत असताना मी पुन्हा हिशेब केला आणि एक गोष्ट खटकली. चिमणीतून जाणारी उष्णता ४५ टक्क्यांवरून ३४ वर आली. म्हणजे अकरा टक्के वाचले. काहिलीला मिळाले सव्वाचार. मग उरलेले जवळपास सात कुठं गेले? भिंतीत? बारक्या म्हणाला, लिही 'अनअकाउंटेड लॉसेस'. सगळे लिहितात. लिहिलं.

१६ मार्च, शनिवार

लॉगबुक भरलं. एक रात्र, पाच पेनं. ऑगस्टचा तिसरा आठवडा: 'लिटरेचर सर्व्हे'. सप्टेंबरचा दुसरा आठवडा: 'लिटरेचर सर्व्हे कंटिन्यूड'. फुटबॉलच्या ब्लॅडरची नोंद कुठंच नाही.

६ एप्रिल, शनिवार

ब्लॅक बुकचं प्लेजरिझम ३१ टक्के आलं. मर्यादा २०. बघितलं तर प्रस्तावना, आभार आणि सर्टिफिकेटचं पान. आभार वेगळ्या शब्दांत मानायला अख्खी दुपार गेली.

१० मे, शुक्रवार

व्हायवा. बाहेरून आलेले परीक्षक शांत, चष्मा टोकावर. फिन्सची पानं त्यांनी सरळ उलटली. ऑर्सॅटच्या तक्त्यावर थांबले.

"झडप लावल्यावर धूर कसला होता?"

काळा, सर. आधीपेक्षा जास्त काळा.

"आणि सीओ शून्य?"

आम्ही गप्प.

"क्युप्रस क्लोराइड कधीचं होतं?"

बारक्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सर, पेटीतलंच होतं. किती जुनं ते कुणालाच माहीत नाही.

त्यांनी पेन्सिलीनं 'अनअकाउंटेड' या शब्दाभोवती गोल केला आणि शेजारी सीओ असं लिहिलं. "हवा कमी केलीत, तर सगळं पुरतं जळलं कशावरून? तुमचे सात टक्के अर्धवट जळून चिमणीतूनच गेले असतील. सगळे नसतील, पण बरेच. वर दुसरी हवा सोडायला हवी होती, काहिलीच्या बुडाजवळ." मग विचारलं, "गुळाचा रंग कुणी बघितला?" गुळव्यानं, सर. "त्याचं नाव कुठं आहे रिपोर्टात?" आभारात आहे, सर. प्लेजरिझम काढताना उरलेल्या चार ओळींत.

बाहेर आल्यावर सीआर म्हणाला, वाचलो. मला तसं वाटलं नाही. ताज्या द्रावणाची बाटली मागायला केमिस्ट्रीच्या लॅबपर्यंतच जायचं होतं, आणि तिथं आम्ही गेलोही होतो, पहिल्या दोन बाटल्यांसाठी.

१८ मे, शनिवार

निकाल नाही अजून. होस्टेल रिकामं होतंय. मामांचा फोन आला, मला थेट, बारक्याला नाही. पावसाआधी चुलवाण पाडून नव्यानं बांधणार आहेत, गवंडी समोरच उभा होता. झडपेची खाच किती रुंद ठेवू?

५१०, म्हटलं. गार असताना ५०० दिसेल प्लेट, पण तापली की ५०३ होते. आणि काहिलीच्या बुडाशी दोन्ही अंगांना एक-एक वीट मोकळी ठेवा, वरची हवा यायला.

"ती कशाला?"

सांगितलं. बराच वेळ लागला, मध्ये दोनदा फोन कटला.

"बरं," म्हणाले, "तात्याला इचारतो."